अक्कांच्या अप्पांचं बॉम्बर

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाहीये. विमानवेड्यांच्या ग्रुपवर तर नाहीच — तिथे मी काय वाट्टेल ते टाकते, पण हे नाही.

फायटर सगळ्यांनाच आवडतं. मला बॉम्बर आवडतं — ते लांब पल्ल्याचं, पोटात बॉम्ब घेऊन तासन्‌तास उडणारं जड धूड! एवढं लांब जाऊन परत कसं यायचं ते? आणि तुम्हाला माहितीये, महायुद्ध संपल्यावर गोऱ्यांनी लिबरेटर बॉम्बर इथेच टाकून दिली — मुद्दाम मोडतोड करून — आणि आपल्या लोकांनी ती बंगळुरात नीट करून परत उडवली? भंगारातून!

तर इथे बंगळुरात, मारतहळ्ळीतल्या माझ्या घरमालकीण, अक्का — त्यांचे वडील, अप्पा, त्याच कामावर होते. कळलं तेव्हा मी अक्षरशः किंचाळले.

"हळू गं! स्वल्प कॉफी घे आधी," म्हणत अक्कांनी कपाटातून एक जुना फोटो आणला. विमानाच्या उघड्या पोटाखाली अप्पा, हातात पाना. असा फोटो मी नेटवर कुठेच पाहिला नव्हता. तो टिपून घ्यायला मी फोन पुढे केला — तर त्यांनी फोटो पालथा ठेवला.

"आधी एक सांग. माझा मामा रंगूनला होता. जपानी तिथे बसलेले तेव्हा वरून गोऱ्यांचा बॉम्ब पडला नि मामा गेला. अप्पांनी हे काम धरलं, तेव्हापासून आई त्यांच्याशी नीट बोललीच नाही. ही विमानं तिकडे गेलेली का गं?"

मला माहीत होतं. लिबरेटर बंगालमधून उडायची, रंगूनवर बॉम्ब टाकून परत यायची — त्या पल्ल्याचंच तर मला कौतुक! आता नेमकी हीच विमानं की दुसरी, ते नाही सांगता येणार. पण तेवढं तरी सांगायचं ना? मला वाटलं, खरं बोलले तर फोटो परत कपाटात जाईल.

"छे हो अक्का, ही कुठली तिकडे जातायत!"

"सरी, बरं झालं," त्या म्हणाल्या. "म्हणजे आईचंच चुकलं. बिचारे अप्पा." डोळे पुसून त्यांनी फोटो माझ्या हातात दिला.

फोटो टाकला आणि ग्रुपवर धमाल झाली. मी दिवसभर लाइक बघत होते.

दसऱ्याला आयुधपूजेला अक्कांनी मला वर बोलावलं. शोकेसवर त्यांच्या आईचा फोटो असायचा. त्या जागी आता अप्पा, नव्या फ्रेममध्ये. "तुझ्यामुळे गं," म्हणत त्यांनी कुंकवाची वाटी पुढे केली.

एरवी मी शंभर प्रश्न विचारते. आईचा फोटो कुठे ठेवला, ते विचारलं नाही. अप्पांच्या फोटोला कुंकू लावलं.