शाल-श्रीफळ देऊन काढलेला माणूस

अंबडच्या कारखान्यांत माणसं काढायच्या नाना रीती आहेत. कुणाचं कार्ड एका सकाळी गेटवर चालेनासं होतं, कुणाला टपालाने पत्र येतं. पण काढलेल्या माणसाने खांद्यावर शाल घेऊन कंपनीचेच आभार मानावेत, हा मान फक्त वाल्मीक अहिरे यांना मिळाला. बावीस वर्षं ते एकाच टेबलाशी उभे राहून सुटे भाग मोजत होते. केसाएवढा फरक त्यांच्या बोटांना आधी कळायचा, मापाला मागाहून.

एका शुक्रवारी जेवणानंतर एचआरच्या मयूर साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब वयाने पोरगेलेसे, बोलायला गोड.

"काका, नवीन मशीन आलंय. ते आपलं आपणच मोजतं. तुम्ही सोमवारपासून येऊ नका. लागलं तर बोलावतो."

पत्र नाही, कागद नाही. वाल्मीकराव "बरं साहेब" म्हणाले आणि केबिनचं दार हळूच लावून घेतलं. ते दार आपटतं, हे त्यांना माहीत होतं.

खात्यात बातमी पोचली तेव्हा पाळी सुटायला तासच उरला होता. बावीस वर्षांचा माणूस रिकाम्या हाताने कसा पाठवायचा? महेश मोटरसायकलवरून शाल घेऊन आला. गोटीरामने कँटीनमधल्या देवीपुढचा नारळ तिची माफी मागून उचलला. मयूर साहेबांनाही बोलावलं, आणि ते आले! त्यांच्याच हस्ते शाल घातली गेली. मग "दोन शब्द बोला" झालं. वाल्मीकराव कळवणकडचे, बोलावलेल्या सभेत गप्प बसणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी मालकांचे, साहेबांचे, चहावाल्या सिंधुबाईंचेसुद्धा आभार मानले. फोटो निघाले.

"लोकांना नारळ नुसता म्हणायला मिळतो," मैनाबाई घरी म्हणाल्या, "तुम्हाला खराखुरा दिला. आता ह्याची चटणी करू का पूजा?"

पुढचे दोन महिने वाल्मीकराव फोनची वाट बघत राहिले. साहेब 'बोलावतो' म्हणाले होते ना! अंघोळीलाही फोन बादलीशेजारी असे. मधल्या काळात त्यांनी सातपूर, सिन्नर सगळं पालथं घातलं. एकोणपन्नास वर्षांच्या माणसाला लोक खुर्ची देत, पाणी देत, काम देत नसत. दोन ठिकाणी तर तेच आपलं आपण मोजणारं मशीन कौतुकाने दाखवलं.

"अहो, त्यो फोन काय येत नाय," शेवटी मैनाबाई म्हणाल्या. "वकील गाठा."

कोर्टाजवळच्या एका इमारतीच्या जिन्यात उत्तरा मॅडमचं ऑफिस होतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कशावर सही केलीत?"

"कशावरच नाही."

"देव पावला. हे बघा, चौकशी नाही, नोटीस नाही, असं कायम कामगाराला काढता येत नाही. कामगार न्यायालयात तक्रार करता येते, परत कामावर घ्या म्हणून मागता येतं. पण काढल्यापासून नव्वद दिवसांच्या आत. आज कितवा?"

"त्रेसष्टावा," वाल्मीकराव म्हणाले. मोजण्यात ते चुकत नसत.

मॅडमनी आधी कंपनीला नोटीस पाठवली. उत्तर आलं चौऱ्याऐंशीव्या दिवशी. 'सदर कामगार स्वखुशीने नोकरी सोडून गेले असून त्यांचा यथोचित सत्कार करण्यात आला.' सोबत रंगीत फोटो. शाल, नारळ, आणि वाल्मीकरावांचं दोन्ही कानांपर्यंत पोचलेलं हसू.

मॅडम फोटोकडे बघत राहिल्या. "अहिरे, गळा कापताना माणूस ओरडतो हो. तुम्ही भाषण केलंत?"

"रीत असते ना मॅडम."

"त्या भाषणाचं रेकॉर्डिंग आहे कुणाकडे?"

होतं. गोटीरामकडे. सत्त्याऐंशीव्या दिवशी पाथर्डी फाट्यावरच्या टपरीत गोटीरामने फोन पुढे सरकवला. वाल्मीकरावांनी स्वतःलाच ऐकलं, "मयूर साहेबांनी मला सोमवारपासून येऊ नका असं प्रेमाने सांगितलं, त्यांचेही आभार." त्यावर मागून खणखणीत आवाज, "वाल्म्या, काढलंय म्हण की सरळ!" आणि हशा. मयूर साहेबही हसत होते.

त्या एका वाक्यात केस होती. आणि तो खणखणीत आवाज गोटीरामचा होता.

"तुला पायजे तर घे पाठवून," गोटीराम चहाच्या ग्लासाकडे बघत म्हणाला. "काढायच्या पुढच्या यादीत माझं नाव हाय म्हणतात. पण तू घे."

"तुझ्या हर्षालीचं लग्न कधी?"

"वैशाखात."

वाल्मीकरावांचा अंगठा स्क्रीनवर बराच वेळ थांबला. केसाएवढं अंतर असेल. मग त्यांनी फोन पालथा करून गोटीरामच्या हाताखाली सरकवला.

"राहू दे. त्यात माझा आवाज बसलेला वाटतो."

बाहेर येऊन ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. तीन बस गेल्या. शेवटी घरी जाऊन मैनाबाईंना खरं ते सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "पण नव्वद दिवस सोडू नका."

एकोणनव्वदाव्या दिवशी वाल्मीकरावांनी तक्रारीवर सही केली. ओळीच्या वर नाही, खाली नाही.

"साक्षीदार?" मॅडमनी विचारलं.

"मीच."

"रेकॉर्डिंग?"

"नाही मिळालं."

मॅडमनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, पण पुढे विचारलं नाही. "अवघड आहे अहिरे. खोटं सांगत नाही. उलटतपासणीत त्यांचा वकील हा फोटो तुमच्या नाकासमोर धरेल. विचारेल, नोकरी गेली होती, तर मग एवढे हसत का होतात?"

वाल्मीकरावांनी फोटो हातात घेतला. शालीतल्या माणसाकडे ते ओळख पटवल्यासारखे बघत राहिले.

"फोटो काढणारा 'हसा' म्हणाला," ते म्हणाले. "म्हणून हसलो."

मॅडमनी पेन उघडलं आणि ते जसंच्या तसं लिहून घेतलं.