सायबिणीच्या मेणबत्त्या

नवरा हायकोर्टाचा न्यायाधीश होण्याची शक्यता आहे, ही गोष्ट घराबाहेर काढायची नसते, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. पाचूबंदरची मावशी मासळी घेऊन दारात आली आणि मी सांगून मोकळी झाले.

मावशी आमची नेहमीची कोळीण आणि ह्यांची अशील. तिची बोंबील सुकवायची जागा एकाने कुंपण घालून बळकावली होती. वसईच्या कोर्टात ती हरली. हायकोर्टातलं अपील ह्यांनीच दाखल केलं होतं आणि आता ते सुनावणीला यायच्या बेतात होतं. त्या जागेचा इंच न् इंच स्वतः फिरून पाहिलेला वकील एकच, माझा नवरा.

"सायबाला निवडनार कोन? मतदान असतं काय?" तिने विचारलं.

मी दारातच शिकवणी घेतली. मुख्य न्यायमूर्ती आणि त्यांच्याखालचे दोन ज्येष्ठ नाव सुचवतात, राज्य सरकार मत कळवतं, केंद्र चौकशी करतं, दिल्लीतले सर्वोच्च न्यायालयाचे ज्येष्ठ न्यायमूर्ती पारखून घेतात आणि शेवटी राष्ट्रपतींची सही.

"एवढ्या लोकांनी हो म्हनायचं? आमच्यात सोयरिकीला पन एवढे लागत नाय!" मग तिने परस्पर ठरवूनच टाकलं. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की सायबिणीपुढे, म्हणजे मारियामातेपुढे, ह्यांच्या नावाने एक मेणबत्ती.

तिचं गणित सरळ होतं. साहेब जज झाले की केस त्यांच्यापुढेच येणार, मग कुंपण गेलंच म्हणून समजा. खरं काय ते मला माहीत होतं. शपथ घेतली की वकिली संपते, हातातली सगळी प्रकरणं सोडावी लागतात. कुठलं प्रकरण कोणापुढे जाणार हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात, आणि स्वतः लढवलेलं प्रकरण तर न्यायाधीश ऐकतच नाही.

हे तिला तिथेच सांगायला हवं होतं. मी गप्प बसले, कारण मला ती मेणबत्ती हवी होती. म्हातारीच्या श्रद्धेने कुठेतरी सही लवकर होईल, असं मनात आलं. इतकी आपमतलबी आहे मी. पावसाळ्यात बोटी बंद, हातात पैसा नाही, तरी तिचा एक रविवार चुकला नाही.

सही झाली. ह्यांनी शपथ घेतली आणि मावशीचे कागद एका मित्राकडे सोपवले. वकील तोही चांगला, पण ती जागा त्याने पाहिलेलीसुद्धा नाही.

लगेचच मावशी टोपलीत वरती मोठाले पापलेट ठेवून आली. "आज पैशे नाय घ्यायची."

"मावशी, तुझी केस कोर्टात आहे. आता तुझ्याकडून काही घेता येणार नाही गं." मग मी बाकीचंही सांगितलं. माझी मान वर होत नव्हती.

तिने वरचे पापलेट टोपलीत तळाला सरकवले. मग म्हणाली, "म्हंजे मीच मेनबत्त्या लावून माझा वकील घालवला?" आणि हसली. "तुला पन ठावं नव्हतं ना, बाय?"

"नाही," मी म्हणाले.

"तेच. ठावं असतं तर तू मला लावू दिल्या असत्या काय!"

टोपली डोक्यावर चढवायला तिने नेहमीसारखं मला हात लावायला सांगितलं. मी लावला.