पोच: घरीच

गळ्यात टेप नसेल तर टेपबाई आजारी आहेत असं खुशाल समजावं. त्यांचं शिवणाचं दुकान म्हणजे जिन्याखालची दहा बाय आठची खोली, पण तिथला कायदा मोठा कडक. माप दर वेळी नव्यानं घ्यायचं आणि वहीत तारखेनिशी लिहायचं. कपडा कुठे पोचवायचा, ते गिऱ्हाइकानं 'पोच'च्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहून खाली सही करायची. म्हणजे पुढे कुणाला कुरकुर करायला जागा नाही. गिऱ्हाईक तुटलं, तर पानावर आडवी रेघ आणि पुन्हा पोच, पुन्हा सही. यातून सख्खा भाऊ सुटला नाही, नवराही नाही. लोक हसायचे, बाई मापं घेत राहायच्या.

नवरा परदेशात नोकरीला. बाई चार महिने तिकडे राहून आल्या. मग त्याची ती नोकरी सुटली, तो परतला, दहा महिने घरी राहिला आणि दुसरी नोकरी मिळताच पुन्हा गेला. हळूहळू फोन विरळ झाले. दोन वर्षांनी एका दुपारी पोस्टमननं जाड लिफाफा आणून दिला. नवऱ्यानं तिकडच्या कोर्टात घटस्फोट मागितला होता. सहा आठवड्यांत हजर राहा, नाहीतर तुमच्यावाचून निकाल लागेल, असं त्यात होतं.

भावानं कपाळाला हात लावला. "ताई, संमतीची सही करून मोकळी हो. विमानानं कोर्टात कोण जाणार? आणि तिथलं बोलणं तरी कळणार आहे का तुला?"

"म्हणूनच नाही करणार," बाई म्हणाल्या. "माझा संसार मोडायचाय ना? मग माझ्यासमोर मोडू दे. मला कळेल अशा भाषेत."

वकीलबाईंनी कागद वाचले. "तिकडे जाऊच नका. गेलात तर ते कोर्ट तुम्ही मानलंत असं होईल. आपण इथे दावा लावू. नवरा-बायको शेवटचे जिथे एकत्र राहिले, तिथल्या कोर्टाला हक्क असतो. फक्त तो इथे राहिला, हे दाखवावं लागेल."

बाईंनी इथे दावा लावला, नवरा वकील घेऊन हजर झाला, आणि घोडं तिथेच अडलं. नवऱ्याचा वकील ठासून सांगत होता, "आमचे अशील ते दहा महिने इथे होते, पण हॉटेलात. दोघांचं शेवटचं घर परदेशातलंच. या कोर्टाला हा खटला ऐकताच येणार नाही." नवरा शेजारी मान हलवत होता. शेजाऱ्यांची साक्ष वकिलानं 'बाईंची गिऱ्हाइकं' म्हणून उडवून लावली.

तेव्हा बाईंनी पिशवीतून वही काढली. दहा महिन्यांत पाच मापं. घरात घालायचे पायजमे, दोन सदरे. कंबर तेहेतीसवरून साडेछत्तीसवर. आणि पाचही ठिकाणी पोचच्या रकान्यात एकच शब्द: घरीच.

न्यायाधीशांनी वही नवऱ्यापुढे धरली. "अक्षर तुमचंच?"

नवऱ्यानं वकिलाकडे पाहिलं. वकील खिडकीबाहेर बघत होता.

"हो," नवरा म्हणाला.

"आणि हॉटेलच्या जेवणानं साडेतीन इंच?" न्यायाधीशांनाही हसू आवरेना. खटला याच कोर्टात चालेल, असं त्यांनी तिथल्या तिथे लिहवून घेतलं. मग विचारलं, "बाई, तुम्हाला हा संसार टिकवायचाय का?"

"नाही साहेब. सोडायचाच आहे. फक्त मला विचारायला हवं होतं."

भाऊ मागच्या बाकावर बसला होता. बहिणीचा त्याला इतका अभिमान वाटला की डोळे पुसायचंही त्याला सुचलं नाही.

नवऱ्यानं तिकडचा दावा मागे घेतला. इथे दोघांच्या संमतीनं घटस्फोट झाला. निकालाच्या दिवशी तो कोर्टाच्या व्हरांड्यातून निघाला, तेव्हा बाईंनी त्याला थांबवलं. वही उघडली आणि त्याच्या पानावर आडवी रेघ मारली.

"सही करा."

त्यानं पेन घेतलं. पोचच्या रकान्यापाशी त्याचा हात थबकला. "इथे काय लिहू?"

"राहता तिथलं लिहा."

त्यानं परदेशातला पत्ता लिहिला. बाईंनी तो नीट वाचला, वही मिटली आणि टेप गळ्यात घालून दुकानाकडे निघाल्या.