मोरपंखी टाकी

अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांना सरळच सांगितलं: काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल तेही सांगता येत नाही. बाहेर आल्यावर बाबा मला म्हणाले, "मंग तेवढ्यात आपली गाडी रंगव. पैलेसारखी, मोरपंखी. मले एकडाव डोळे भरून पाहू दे."

गाडी म्हणजे त्यांची जुनी मोटारसायकल. तिच्यावर बसवून त्यांनी मला दर्यापूरच्या शाळेत पोचवलं. आता ती गोठ्यात गोवऱ्यांमागे पडली होती. मूळ रंग फक्त टाकीच्या पोटाखाली बोटभर शिल्लक. अमरावतीच्या दुकानदाराने निळा डबा पुढे केला. "ताई, सेमच दिसते." म्हटलं, सेम दिसत असता तर मी इथे भांडत उभी राहिले असते का? शेवटी त्याने रंग मिसळून दिला. मी रजा टाकून घरी आले.

टाकी आणि मडगार्ड सुटं करून पॉलिश पेपरने घासलं. बोटांची सालं निघाली. आता धूळ पुसायला कापड कुठे शोधत बसा? समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला, भाव वाढायची वाट बघत. मूठभर ओढला, टाकी पुसली आणि अंगणात स्प्रे मारला. वाळल्यावर बघते तर काय, टाकीला केस फुटलेले! माझ्या अकलेचे दिवे. पुन्हा सगळं घासलं. या खेपेला कापडाने पुसलं, तर वाऱ्यावर खोलीतला कापूस उडाला आणि ओल्या रंगावर बसला. दार लावलं, तर फटीतून आला. रडकुंडीला आले मी.

"इकून टाका हा कापूस एकदाचा!" मी आईवर ओरडले.

"तुया गाडीसाठी का?" आई म्हणाली.

बाबा बाजेवर बसून ऐकत होते. "राहू दे ना माय. कापसाच्या घरची गाडी हाय, केसं असनारच."

मी ऐकते होय? त्यांना एकदाच दिसणार असेल तर नीटच दिसली पाहिजे, म्हणून पुन्हा पेपर हातात घेतला. त्याच दिवसांत बाबा ताटातली भाजी चाचपून घ्यायला लागले होते. भर दुपारी विचारायचे, "लाइन गेली का?" मला सगळं कळत होतं. मी आणखी जोरात घासायची. दुसरं काय करणार होते?

शेवटी रिकाम्या गोठ्यात चारही बाजूंनी ओल्या चादरी टांगल्या, तेव्हा कुठे रंग बसला. काय सुरेख बसला! गाडी जोडून मी अंगणात आणून उभी केली. आईने हाताला धरून बाबांना ओट्यावर आणलं.

बाबांनी मान उचलली. चेहरा खुलला.

"वा रे वा! कशी चमकून राहिली! असाच होता, अस्साच मोरपंखी!"

ते पाण्याच्या निळ्या ड्रमकडे बघत होते. गाडी त्यांच्या डाव्या हाताला, दोन पावलांवर होती.

आई काही बोलणार, तेवढ्यात मी ओठांवर बोट ठेवलं. "हो बाबा, लई चमकते," एवढंच कसंबसं म्हटलं.

"मंग रडून काहून राहिली?" बाबा म्हणाले. "दिसली ना मले."