बत्तीस भरली, पस्तीस निघाली

आधीच सांगतो, माझा भुताखेतांवर विश्वास नाही. माणसांवरही फारसा नाही, असं बायको म्हणते. गॅसचा सिलेंडर आला की मी तो वजन करूनच घेतो, त्यामुळे गाडीवाला आमच्या गल्लीत शिरताना तोंड वाकडं करतो. तर अशा माणसाला हा अनुभव आला... तुम्ही ठरवा काय ते.

आम्ही जिंतूरचे. येलदरी रोडला घर, पुढे पत्र्याचं शेड, शेडमध्ये माझी गाडी. धाकटा भाऊ संजू त्याच घरात, एकाच स्वयंपाकघरात. दोघांची नोकरी परभणीला. गेली कित्येक वर्षं आम्ही रोज एकाच गाडीतून जातो-येतो — जायचो.

मागच्या वर्षी मी गाडीला मोठी अलॉय व्हील्स बसवली. पंधरा इंची काढून सतरा इंची. हौस, दुसरं काय! टायरही रुंद आणि बुटके आले, रिम आणि रस्ता यांच्यात रबर म्हणून जेमतेम चार बोटं. बसवणाऱ्याने सांगितलं, सकाळी टायर थंड असताना हवा पस्तीस ठेवा. पण दाराच्या कडेला कंपनीचं स्टिकर आहे, त्यावर बत्तीस लिहिलंय. कंपनीने काय झोपेत लिहिलं? मी बत्तीसच ठेवायची ठरवली.

संजूला ते पटलं नाही. "दादा, ते स्टिकर जुन्या चाकाचं हाय," तो म्हणाला. "ह्या टायरला भिंतच न्हाई. तेवढंच वजन पेलायचं तर हवा जास्त लागती. आपल्या रस्त्याला एक खड्डा लागला की रिम जाईल." मी म्हटलं, गाडी माझी आहे. तो गप्प बसला. आणि संजू गप्प बसला की मला संशय येतो, कारण न सांगता काम उरकून टाकायची त्याला सवय आहे. नळाचा वॉशर तो कधी बदलतो तेही आम्हाला कळत नाही.

पुढच्याच आठवड्यात सकाळी हवेचं मीटर लावून पाहिलं. चारही टायर पस्तीस.

मी हवा सोडून बत्तीस केली. दोन-तीन दिवसांनी पुन्हा पस्तीस. आता टायरमधली हवा कमी झाली तर पंक्चर म्हणता येतं, वाढली तर काय म्हणायचं? ऊन म्हणाल तर गाडी शेडमध्ये, आणि मी मोजायचो ती सकाळी, गाडी जागची हललेली नसताना. आधी मीटरवर संशय घेतला. दुसरं आणलं. पंक्चरवाल्याचं लावलं. तिन्ही मीटर एकच आकडा सांगत होते. मग उरलं कोण? घरात पायाने मारायचा पंप होता आणि पस्तीसचा हट्ट एकाचाच होता.

एका सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर विचारलं. तो म्हणाला, "मी न्हाई भरली, दादा." मी पंप कपाटात घालून कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात. तरी पस्तीस! मग मी जे बोललो ते बायकोला अजून आवडलेलं नाही. मी म्हटलं, "दुसरा पंप कुठं लपवलास?"

संजूने कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच टाकून उठला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बायको-पोरांना घेऊन सासरी पालमला गेला. जाताना त्याची बायको आमच्या हिला म्हणाली, परभणीत खोली बघायलोत. घर मोडतंय हे मलाही दिसत होतं, पण चोर पकडल्याचं समाधान जास्त होतं. खोटं कशाला बोलू!

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी अवजारं आणि गाड्या पुजतात, आणि एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत कोणी हात लावत नाही. त्या सकाळी मी स्वतः हवा बत्तीस केली. पंप आणि मीटर पाटावर मांडले, त्यावर फुलं, अक्षता. प्रत्येक चाकाच्या व्हॉल्व्हच्या टोपीवर ओलं हळदकुंकू लावलं, तेही टोपी आणि खालची नळी मिळून एकच पट्टा ओढून. टोपी फिरवली की पट्टा तुटलाच पाहिजे. बायको बघत होती. म्हणाली, "ही पूजा हाय का सापळा?" मी फाटकाला कुलूप घातलं.

दसऱ्याच्या सकाळी पाटावरचं फूलसुद्धा हललेलं नव्हतं. चारही टोप्यांवरचं कुंकू वाळून घट्ट बसलेलं, कुठे चीर नाही. मी नखाने खरवडून टोप्या काढल्या आणि मीटर लावलं.

पस्तीस. पस्तीस. पस्तीस. पस्तीस.

बायको मागे उभी होती. "आता कोणावर संशय घेता?" तिने विचारलं. खरं सांगतो, एक क्षण मी तिच्याकडेच पाहिलं... आणि त्या क्षणी मला टायरपेक्षा माझीच जास्त भीती वाटली.

संध्याकाळी संजू पालमहून आला. दरवर्षी देतो तसं सोनं द्यायला. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवून पाया पडला. मी त्याला उठवलं आणि सगळं सांगितलं, कुंकवाचंही. म्हटलं, "संजू, तू नव्हतास रे."

"मला तर पहिल्या दिवसापासून माहीत हाय की," तो म्हणाला.

परभणीतली खोली त्याने घेतली नाही, एवढं देवाने ऐकलं. पोरं परत आली, स्वयंपाक अजून एकच आहे. मी आता पस्तीस भरतो आणि ती पस्तीसच राहते. बसवणाऱ्याला सांगितलं तर तो हसला. पंपावरच्या अक्षता न हलता चार चाकांत हवा कोणी भरली, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. कोणाला असं काही ठाऊक असेल तर जरूर लिहा.

सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी मी सवयीने हॉर्न वाजवला. संजू डबा घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, तू हो पुढं, मी एसटीनं येतो. तेव्हापासून रोज तसंच. स्टँडसमोर तो उभा दिसतो. मी गाडी हळू करतो, काच खाली घेतो. तो हसून हात हलवतो, गाडीपासून दोन पावलं मागे सरकून.