आग्रहाविना रिझोटो

मिलानमधल्या एका जुन्या राजवाड्यात आता रेस्टॉरंट आहे. परवा तिथे वेटरने समोर रिझोटो ठेवला आणि त्या केशरी भाताच्या वासाने मला थेट आयर्लंडला, नावनच्या आमच्या किचनमध्ये नेलं.

ते लॉकडाऊनचं वर्ष होतं. आई-बाबा आमच्याकडे येऊन अडकले होते. त्यांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला याच राजवाड्यात टेबल बुक केलं होतं, ते रद्द झालं. मग मी हट्टाने घरीच थाट केला. लॅपटॉपवर राजवाड्याच्या रंगवलेल्या छताचा फोटो लावला आणि मोठ्या पांढऱ्या प्लेटमध्ये इवलासा रिझोटो वाढला. आईला आधीच बजावलं, "आज आग्रह करायचा नाही हं. तिथे तशी पद्धत नसते."

बाबांची प्लेट लगेच रिकामी झाली. आईचा हात भातवाढणीकडे गेला, माझ्याकडे बघून मागे आला. "छान झालाय," म्हणत बाबा पाणी प्यायले. मला वाटलं, अगदी जमलं सगळं!

आई जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा माझी प्लेट संपताच वेटर शेजारी आला आणि मी नकळत प्लेटवर आडवा हात धरला. तो गोंधळला. तो वाढायला नव्हे, प्लेट उचलायला आला होता.