गव्हाळ रंगाचा हेडसेट

मुलीने मला एकच काम सांगितलं होतं : बाबा, कमी बोला. तेवढं मी पाळलं. घोटाळा झाला तो ऐकण्यात.

मुलगी पुण्याला नोकरी करते. ऑफिसातलाच एक मुलगा तिने पसंत केला, तो धुळ्याचा निघाला. म्हणजे पोरीने एवढं पुणं पालथं घातलं आणि सोयरीक शोधली ती खानदेशातच. आम्ही जळगावात, ते धुळ्यात, मध्ये एस.टी.चे अडीच तास. तरी आईबापांची पहिली भेट व्हिडिओ कॉलवर ठरली. कारण आमच्याकडे पाहुणे एकदा घरी येऊन पोहे खाऊन गेले, की गल्लीच्या लेखी लग्न लागलेलंच असतं. मग नकार आला तर महिनाभर गल्लीला उत्तरं देत बसा.

"ती माणसं फार बघून-सवरून पाऊल टाकणारी आहेत," मुलगी म्हणाली. "एखादी गोष्ट खटकली की संपलं. तुम्ही काही म्हणजे काही करू नका."

मला काही करू नका असं सांगितलं की मी काहीतरी करतो. बायकोने हे लग्नाच्या पहिल्या वर्षीच ओळखलं होतं.

आता अडचण गिरणीची. आमच्या भिंतीला भिंत लावून पिठाची गिरणी आहे. रंगीत तालीम म्हणून मुलीला कॉल लावला, तर तिला पुण्यात माझ्याऐवजी ज्वारीचं दळण ऐकू आलं. मग पुतण्याचा खेळ खेळायचा मोठा हेडसेट डोक्यावर चढवून बसलो. तोंडासमोर काळी दांडी, दोन्ही कानांवर वाट्या, त्यात निळे दिवे.

"बाबा, तुम्ही मुलगी देताय की विमान उतरवताय?" तिने विचारलं. "न दिसणारं काहीतरी घ्या."

न दिसणारं काहीतरी घ्यायला मी बाजारात गेलो आणि तिथे माझे दोन तास गेले. दुकानदार मारवाडी, गोड बोलणारा. त्याने काउंटरवर सगळं मांडलं. वायरवाले घातले तर वायर चष्म्याच्या काडीत अडकली आणि चष्मा पोटावर आला. गळ्यातला पट्टा घातला तर मी बैलपोळ्याला सजवल्यासारखा दिसत होतो. पांढऱ्या दांड्यांचे घातले, आरशात पाहिलं, तर कानात दातकोरणी विसरलेला माणूस. प्रत्येक वेळी दुकानदार म्हणे, "भाऊ, एकदम शोभतं," आणि लगेच पुढचं काढे. शोभतं तर पुढचं कशाला काढतो, हे मी विचारलं नाही. शेवटी त्याने एक चपटी डबी उघडली.

"हे बघा. गव्हाळ रंग. कानात घातलं की कान कुठे संपला आणि हे कुठे सुरू झालं, कळणार नाही."

त्याने ते माझ्या कानाला लावून, मान मागे घेऊन, डोळे बारीक करून पाहिलं. बायको ब्लाऊजपीस मॅचिंग करताना बघते ना, तसं. फिक्का गव्हाळ नको, जरा पक्का द्या, असं मीच म्हणालो. शेंगदाण्याएवढी वस्तू, एका कानापुरती. आयुष्यात पहिल्यांदाच आपण विचार करून खरेदी केली, असं वाटलं.

सवय व्हावी म्हणून चार दिवस ते कानात घालून हिंडलो. दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याने दारातून हाक मारली. तो अमळनेरकडचा, रोज गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून बोलणारा. माझ्या कानात जुनी गाणी चालू होती. त्याची तिसरी हाक मला ऐकू आली.

"भाऊ, कानमा काय घालेल शे?" त्याने विचारलं.

मी नुसतं हसलो आणि कानावर बोट ठेवून 'बरं आहे, बरं आहे' अशी खूण केली. तो गंभीर झाला. पिठाचा हात झटकून त्याने माझ्या खांद्यावर ठेवला. मला वाटलं, माणूस प्रेमळ आहे.

कॉल रविवारी झाला. समोर धुळ्याचा सोफा, त्यावर मुलाचे आई-वडील. वडिलांनी डोक्याला आणि कानांना पांढरा बागायती रुमाल घट्ट गुंडाळला होता. ऊन कडक होतं, नुकतेच शेतावरून आले असतील, असं समजलो. पण ते बोलायला लागले आणि माझ्या कानात फटाका फुटला.

"नमस्कार! प्रवास कसा झाला?"

मी माझ्याच घरात बसलो होतो. पण कमी बोलायचं ठरलं होतं, म्हणून म्हणालो, "छान." आणि कानाला हात लावून आवाज कमी केला. ते पुन्हा गरजले. मी पुन्हा कमी केला. मग मुलाच्या आईने हळू आवाजात काहीतरी विचारलं. काही पोचलं नाही.

"काय म्हणालात?"

तिने पुन्हा विचारलं. मी कानाला हात लावून पुढे झुकलो. "पुन्हा एकदा म्हणता का?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने माझ्या कानाकडे पाहिलं. त्यानंतर त्या घरातला प्रत्येक माणूस एकेक शब्द सुटा करून, ओरडून बोलू लागला. "आपली. मुलगी. आम्हाला. आवडली." कॅमेऱ्याबाहेर बसलेली माझी बायको कपाळाला हात लावून होती. मी मात्र धुळ्याची माणसं मोकळ्या गळ्याची, असा निष्कर्ष काढून लॅपटॉप मिटला.

आमच्याकडे सोयरिकीची चौकशी गिरणीवर होते. कुणाकडे गहू, कुणाकडे बाजरी, कोण दळण ठेवून भांडतं, कुणाच्या घरात सून किती दिवस टिकली, सगळं तिथे कळतं. बुधवारी मुलाचे मामा धुळ्याहून पाच किलो ज्वारी घेऊन आमच्या गिरणीवर येऊन बसले. धुळ्यात गिरण्या नाहीत असं नाही. ते गेल्यावर गिरणीवाला आनंदाने मला सांगायला आला.

"भाऊ, घर, पोर, बठ्ठं चांगलंच सांगं मी. काननं तेवढं खरं खरं सांगी दिनं. सोयरीकमा लबाडी नको."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती ओरडली नाही, हेच वाईट.

"बाबा, ते विचारतायत, आपल्या घराण्यात बहिरेपण आहे का. त्याच्या आईचं मन मागे आलंय. तो म्हणतो, मी समजावतो. पण आई नाही म्हणाली तर तो पुढे जाणार नाही, मला माहीत आहे."

"अगं, तो हेडसेट आहे. दिसू नये म्हणून गव्हाळ घेतला."

"कानातलं मशीन पण दिसू नये म्हणूनच गव्हाळ असतं, बाबा."

बायको शेजारून म्हणाली, "यांच्या घराण्यात बहिरं कुणी नाही. ऐकून न ऐकल्यासारखं करणारे आहेत. तसं कळव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एस.टी.त बसलो. एरंडोलपर्यंत स्वतःला शिव्या दिल्या, पारोळ्यानंतर वाक्यं जुळवली. हेडसेट पुराव्यादाखल खिशात होता.

दार मुलाच्या वडिलांनी उघडलं. घरात, पंख्याखाली, डोक्याला तोच रुमाल. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मला ओट्यावर नेलं, इकडेतिकडे पाहिलं आणि रुमाल सोडला. कानामागे चिंचोक्याएवढं मशीन होतं, करड्या रंगाचं.

"आते आपण दोन्ही सारखाच," ते म्हणाले, त्यांच्या मते हळू. समोरच्या घराची खिडकी उघडली. "लोकांना दिसू नये म्हणून मी उन्हाळा-हिवाळा रुमाल बांधतो. तुमचं बघा, कसं बेमालूम! कुठून घेतलं?"

माणूस इतका खूश होता की माझी पारोळ्यापासून जुळवलेली वाक्यं मी हेडसेटबरोबर खिशातच ठेवली.

"आमच्या घरातली अडून बसली आहे," ते पुढे म्हणाले. "म्हणते, नातवंडाला दोन्हीकडून असलेच आजोबा, पोराने बोबडं बोलायचं तरी कुणाशी?"

आम्ही आत येऊन बसलो. स्वयंपाकघर पडद्यापलीकडे. आत मुलाची आई आणि तिची जाऊ. कपबशा वाजत होत्या. आई अगदी दबक्या आवाजात जावेला म्हणाली, "व्हिडिओत बरे दिसत होते."

मुलीने बजावलं होतं, कमी बोला. पण हे सोडणं मला जमलं नाही.

"खिडकीचा उजेड होता, ताई," मी बसल्या जागेवरून म्हणालो.

कपबशांचा आवाज थांबला. पडदा हलला. बाई बाहेर आल्या, माझ्या रिकाम्या कानांकडे पाहिलं, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. पुन्हा आत गेल्या आणि आणखी हळू आवाजात विचारलं, "चहात साखर?"

"दोन चमचे. मधुमेह नाही, ते पण गिरणीवर विचारून घ्या."

आत जाऊबाई खुदकन हसल्या. मग त्याही हसल्या. मी खिशातून हेडसेट काढून टेबलावर ठेवला आणि गिरणी, पुतण्या, दुकानदार, सगळं सांगून टाकलं. चहाबरोबर पोहेही आले, म्हणजे ठरलं.

फक्त मुलाच्या वडिलांना काही नीट कळलं नव्हतं. त्यांच्या बायकोने कानाशी जाऊन सांगितल्यावर ते माझ्याकडे वळले.

"म्हणजे तुम्हाला ऐकू येतं?"

सोबत प्रवास करणारा माणूस मधल्याच स्टेशनवर उतरावा, तसा चेहरा. स्टँडवर सोडायला आले तेव्हा म्हणाले, "साखरपुड्याला ते घालूनच या. एकटा मी दिसायला नको. तुम्ही घातलं तर मी रुमाल सोडतो."

मुलगी म्हणाली, "बाबा, नका." बायको म्हणाली, "आता घालाच."

साखरपुड्याला मी तो शेंगदाणा कानात घातला, चार्ज न करता. व्याही शेजारी उघड्या डोक्याने बसले, अर्धा खानदेश त्यांच्या कानामागचं मशीन बघून गेला आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही. आलेला प्रत्येक पाहुणा मात्र आधी त्यांच्या कानाशी वाकून ओरडला, मग माझ्या. गिरणीवाला तर दोनदा ओरडून गेला. त्या रात्रीपासून माझ्या डाव्या कानात बारीक शिट्टी वाजते आहे. डॉक्टरकडे जायचं टाळतोय.